संगणकांचे जाळे : पडद्यावर उभारणी आणि बिघाडाचा शोध

संगणकशास्त्राच्या पदविकेला असलेला आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. नेटवर्किंग हा त्याचा आवडता विषय. सात थरांची नावे खालून वर आणि वरून खाली तो न अडखळता म्हणून दाखवीत असे. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी थर विचारलेच नाहीत. त्यांनी कागदावर दोन खोल्या काढल्या, प्रत्येक खोलीत दोन संगणक काढले आणि विचारले, "या खोलीतला निरोप त्या खोलीतल्या संगणकापर्यंत पोहोचतो, पण उत्तर परत येत नाही. तुम्ही आधी काय तपासाल?" विद्यार्थी म्हणाला, "केबल तपासीन." निरोप पोहोचतो आहे म्हणजे केबल शाबूत आहे, हे त्याला बाहेर पडल्यावर जिना उतरताना सुचले. ती नोकरी त्याला मिळाली नाही.

आम्हाला यात त्या मुलाचा दोष फारसा वाटत नाही. आठवड्यातून दोन तास प्रयोगशाळा, एका स्विचभोवती आठ-दहा जण उभे, राउटर कपाटात कुलपात. बिघडेल म्हणून तो बाहेर काढायचा नाही आणि बाहेर काढत नाही म्हणून कोणाला तो हाताळता येत नाही. शेवटी प्रात्यक्षिकाची वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवून काढली जाते, त्यावर सही होते आणि प्रात्यक्षिक 'पूर्ण' होते. ज्याने एकदाही जाळे बिघडलेले पाहिले नाही, त्याला दुरुस्तीचा प्रश्न कसा सुटावा?

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एक लहानसे जाळे पडद्यावर उभारून दाखविणार आहोत आणि ते उभे राहिल्यावर मुद्दाम बिघडविणार आहोत. त्यासाठी सिस्को कंपनीच्या 'पॅकेट ट्रेसर' या अनुकरण-प्रणालीचा आधार घेतला आहे. सिस्कोने १९९७ साली सुरू केलेल्या नेटवर्किंग अकादमीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ही प्रणाली विनामूल्य मिळते. विद्यार्थ्याजवळ स्विच नको, राउटर नको, एक बेताचा संगणक असला तरी पुरे. घरी संगणक नसेल त्याने अभ्यासिकेतल्या किंवा मित्राच्या संगणकावर रविवारचे तीन-चार तास काढले तरी हा पाठ पुरा होईल.

पडद्यावर काही मांडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. दोन खोल्या काढा. एक अभ्यासिका, दुसरी कार्यालय. प्रत्येक खोलीत दोन संगणक आणि एक स्विच. दोन्ही स्विच मध्ये ठेवलेल्या एका राउटरला जोडलेले. एवढेच आपले जाळे. आता प्रत्येकाचा पत्ता लिहा. अभ्यासिकेतले संगणक १९२.१६८.१०.११ आणि १९२.१६८.१०.१२. कार्यालयातले १९२.१६८.२०.११ आणि १९२.१६८.२०.१२. राउटरला दोन तोंडे आहेत, म्हणून त्याला दोन पत्ते : अभ्यासिकेच्या बाजूला १९२.१६८.१०.१ आणि कार्यालयाच्या बाजूला १९२.१६८.२०.१. जो विद्यार्थी हा कागद न करता थेट पडद्यावर जातो, तो अर्ध्या तासात कोणाला कोणता पत्ता दिला ते विसरतो. आम्ही स्वतः विसरलो आहोत.

१९२.१६८ हेच आकडे का, असा प्रश्न हमखास येतो. आयपी पत्ता हा ३२ बिटांचा असतो. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात, आणि ते साऱ्या जगाला पुरणार नाहीत हे पूर्वीच लक्षात आले होते. तेव्हा काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १० पासून सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे पत्ते कोणीही आपल्या घरात, शाळेत, कचेरीत वापरावेत. मात्र ते बाहेरच्या इंटरनेटवर चालणार नाहीत. एका गावातली खोली क्रमांक ५ आणि दुसऱ्या गावातली खोली क्रमांक ५ यांचा जसा एकमेकींना त्रास होत नाही, तसेच हे आहे.

आता पत्त्याच्या जोडीला येतो तो सबनेट मास्क, म्हणजे २५५.२५५.२५५.०. विद्यार्थी हा आकडा मंत्रासारखा टंकतात आणि पुढे जातात. येथे थोडे थांबावे. २५५ म्हणजे द्विमान पद्धतीत आठ एक. असे तीन गट म्हणजे चोवीस एक, आणि शेवटी आठ शून्ये. मास्क संगणकाला एवढेच सांगतो की, 'पत्त्याचा जेवढा भाग एक-एकच्या खाली येतो तो खोलीचा, आणि शून्यांखाली येतो तो खोलीतल्या माणसाचा.' अभ्यासिकेतल्या पहिल्या संगणकाला जेव्हा १९२.१६८.१०.१२ कडे निरोप धाडायचा असतो, तेव्हा तो दोन्ही पत्त्यांवर मास्क ठेवून पाहतो. दोन्हीकडे १९२.१६८.१० येते. म्हणजे माणूस आपल्याच खोलीतला, हाक मारली की झाले. समोर १९२.१६८.२०.११ असेल तर एकीकडे १० आणि दुसरीकडे २० येते. म्हणजे माणूस दुसऱ्या खोलीतला, आणि तेथे जायचे तर दारातून जावे लागणार. हे दार म्हणजेच गेटवे. अभ्यासिकेचे दार १९२.१६८.१०.१ आणि कार्यालयाचे दार १९२.१६८.२०.१. आमच्या मते एवढे एक ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, त्याला या विषयाचा निम्मा भाग आला.

खोलीतल्या माणसांसाठी आठ बिटे उरली, म्हणजे २५६ क्रमांक. त्यातला ० हा खोलीचा स्वतःचा क्रमांक आणि २५५ हा सर्वांना एकदम हाक मारण्याचा. उरले २५४. आपल्याला तीनच हवे आहेत.

आता पॅकेट ट्रेसर उघडा. खालच्या पट्टीत उपकरणांची चित्रे दिसतील. तेथून २९६० क्रमांकाचे दोन स्विच, १९४१ क्रमांकाचा एक राउटर आणि चार संगणक ओढून वरच्या कोऱ्या जागेत ठेवा, कागदावर काढले त्याच मांडणीत. चित्राखालचे नाव बदलता येते. 'पीसी शून्य', 'पीसी एक' अशी नावे तशीच ठेवू नयेत. 'अभ्यासिका एक', 'कार्यालय दोन' अशी द्यावीत.

जोडणीसाठी विजेच्या आकाराचे चिन्ह दाबले की तारांचे प्रकार दिसतात. संगणक आणि स्विच यांच्यामध्ये, तसेच स्विच आणि राउटर यांच्यामध्ये सरळ तार लागते. दोन सारख्या उपकरणांमध्ये, जसे स्विच-स्विच किंवा संगणक-संगणक, तिरकी म्हणजे क्रॉसओव्हर तार लागते. कारण सोपे आहे. एकाने ज्या तारेवर बोलावे त्याच तारेवर दुसऱ्याने ऐकावे लागते, आणि सारखी उपकरणे एकाच तारेवर बोलू पाहतात. अलीकडची बहुतेक उपकरणे ही अदलाबदल स्वतःच करून घेतात. तरी परीक्षेत आणि मुलाखतीत हा प्रश्न अजून विचारला जातो. प्रणालीत 'आपोआप तार निवड' अशीही सोय आहे. शिकणाऱ्याने ती वापरू नये.

राउटरच्या शून्य-शून्य या गिगाबिट तोंडाला अभ्यासिकेचा स्विच आणि शून्य-एक तोंडाला कार्यालयाचा स्विच जोडा. तार जोडली की दोन्ही टोकांना लहान दिवे दिसतात. संगणकाकडचा दिवा लगेच हिरवा होतो, पण स्विचकडचा काही वेळ नारिंगी राहतो. नवीन विद्यार्थी येथे घाबरतो आणि तार काढून पुन्हा जोडतो, म्हणजे पुन्हा नारिंगी. कृपया तसे करू नये. स्विच त्या वेळी आपल्या जाळ्यात कोठे गोल फेरा तर झाला नाही ना, हे तपासत असतो. फेरा असला तर निरोप त्यात गरगर फिरत राहतील आणि जाळे ठप्प होईल. १९८५ साली रेडिया पर्लमन या विदुषीने शोधलेल्या पद्धतीने ही तपासणी होते. ऐकण्याचे १५ सेकंद आणि शिकण्याचे १५ सेकंद, असा अर्धा मिनिट धरावा.

राउटरकडचे दिवे मात्र लालच राहतील. ते कितीही वेळ थांबलात तरी हिरवे होणार नाहीत, कारण राउटरची तोंडे मुळात बंद असतात. सांगितल्याशिवाय दार उघडायचे नाही, हा त्याचा स्वभाव.

संगणकांचे पत्ते देणे सोपे आहे. संगणकाच्या चित्रावर टिचकी मारावी, 'डेस्कटॉप' या पानावर जावे, 'आयपी कॉन्फिगरेशन' उघडावे आणि कागदावरचे तीन आकडे भरावेत : पत्ता, मास्क, गेटवे. चारही संगणकांना हे करायचे आहे. पण कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकाचा गेटवे आज मुद्दाम रिकामा सोडा. का, ते पुढे येईल.

राउटरला मात्र आज्ञा द्याव्या लागतात. त्याच्या चित्रावर टिचकी मारून 'सीएलआय' हे पान उघडा. सुरुवातीला तो प्रश्नोत्तरांतून मांडणी करायची का असे विचारतो. 'नो' म्हणावे. मग पुढील आज्ञा एकेक ओळीने द्याव्यात. येथे आम्ही त्या देवनागरीत लिहीत आहोत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.

इनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाऊन
एक्झिट
इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाऊन
एंड

पहिल्या आज्ञेने आपण पाहुण्याचे घरचे होतो, दुसऱ्या आज्ञेने घरात फेरबदल करण्याचा अधिकार मिळतो. तिसऱ्या आज्ञेने एक विशिष्ट तोंड हाती घेतले, चौथीने त्याला पत्ता दिला आणि 'नो शटडाऊन' म्हणून ते उघडले. 'बंद करू नकोस' असे सांगून एखादी गोष्ट उघडायची, ही भाषा चमत्कारिक आहे खरी, पण अंगवळणी पडते. आमच्या वर्गात सर्वांत जास्त विसरली जाणारी आज्ञा हीच. सर्व झाल्यावर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' ही आज्ञा दिली की कोणते तोंड उघडे आहे आणि कोणते बंद, याचा तक्ता समोर येतो. शेवटी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा देऊन मांडणी जपून ठेवावी. नाही तर राउटर बंद करून सुरू केला की सारे पुसले जाईल, पडद्यावरही आणि खऱ्या कचेरीतही.

आता पहिली चाचणी. अभ्यासिकेतल्या पहिल्या संगणकाच्या 'डेस्कटॉप' पानावर 'कमांड प्रॉम्प्ट' आहे. तेथे पिंग हा शब्द आणि पुढे कार्यालयातल्या पहिल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.२०.११ टंकावा. पिंग ही आज्ञा माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात सोडलेला आवाज आदळून परत येतो, त्या आवाजावरून हे नाव त्याने दिले. एक लहान निरोप पाठवायचा आणि त्याचा प्रतिध्वनी येतो का ते ऐकायचे, एवढेच तिचे काम.

चार निरोप जातात. पहिल्याला बहुधा उत्तर येत नाही, पुढच्या तिघांना येते. शेवटी 'चारपैकी तीन मिळाले, २५ टक्के हरवले' असा हिशेब दिसतो. पुष्कळ विद्यार्थी येथे 'सर, चुकले' म्हणतात. चुकलेले काहीच नाही. पुन्हा पिंग करा, चारही उत्तरे येतील. मग पहिला निरोप कोठे गेला? हे पाहण्यासाठीच अनुकरण-प्रणालीची खरी गरज आहे. खऱ्या तारेतून हा सारा व्यवहार हजाराव्या भागाच्या सेकंदात उरकतो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही.

काम जपून ठेवा, फाइल बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे संगणकांच्या जुन्या आठवणी पुसल्या जातील. सर्व दिवे हिरवे होईपर्यंत थांबा. मग उजव्या कोपऱ्यातील 'रिअलटाइम'वरून 'सिम्युलेशन'वर या. दिवे हिरवे होण्याआधी येथे आलात तर प्रत्येक पाऊल स्वतः टाकत बसावे लागते. निरोपांच्या यादीतून एआरपी आणि आयसीएमपी हे दोनच ठेवा, बाकीच्यांची गर्दी नको. आता तोच पिंग द्या आणि पुढे नेण्याची कळ एकेकदा दाबा.

पहिल्यांदा पिंगचे पाकीट निघतच नाही. त्याऐवजी एआरपीचे पाकीट निघते. कारण असे की, आयपी पत्ता हा कागदोपत्री पत्ता. तारेवरून प्रत्यक्ष पोहोचवायचे तर समोरच्याच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. अभ्यासिकेतला संगणक विचार करतो, समोरचा दुसऱ्या खोलीत आहे, म्हणजे पाकीट दाराकडे द्यायचे, पण दाराचा मॅक पत्ता मला ठाऊक नाही. म्हणून तो खोलीत मोठ्याने ओरडतो, '१९२.१६८.१०.१ कोण आहे? आपला मॅक सांगा.' स्विच ही हाक सगळ्या तोंडांतून बाहेर सोडतो. शेजारचा संगणक ऐकतो आणि आपले काम नाही म्हणून टाकून देतो. त्याच्यावर लाल फुली उमटते. राउटर मात्र उत्तर देतो, आणि या वेळी ते उत्तर सगळीकडे न जाता थेट विचारणाऱ्याकडे जाते. कारण कोण कोणत्या तोंडावर आहे हे स्विचने एव्हाना टिपून ठेवलेले असते. स्विच काय करतो, या प्रश्नावर पाठ केलेल्या चार ओळींपेक्षा हे एक दृश्य आम्हाला मोलाचे वाटते.

आता पिंगचे पाकीट निघते आणि राउटरपर्यंत पोहोचते. राउटरला पलीकडच्या संगणकाचा मॅक ठाऊक नाही. तो कार्यालयाच्या खोलीत तीच हाक मारतो, आणि हातातले पाकीट तेवढ्यात टाकून देतो. हाच तो हरवलेला पहिला निरोप. दुसरे पाकीट येईपर्यंत पत्ता कळलेला असतो, म्हणून ते बिनबोभाट जाते.

मधल्या टप्प्यावर थांबून पाकिटावर टिचकी मारा. आतली माहिती उघडते. राउटरच्या आधी आणि राउटरच्या नंतर, अशी दोन्ही वेळची माहिती वहीत शेजारी-शेजारी उतरवून घ्या. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता दोन्हीकडे तोच आहे. मॅक पत्ते मात्र दोन्ही बदलले आहेत. टपालाचे उदाहरण घ्यावे. पत्रावरचा पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो, पण ते पत्र ज्या थैलीतून जाते तिच्यावरची चिठ्ठी प्रत्येक टप्प्याला बदलते. पत्र कोणाचे हे थैली पाहून कळत नाही, आणि पुढच्या गाडीत कोणती थैली टाकायची हे पत्र उघडून पाहावे लागत नाही. सात थरांतला दुसरा थर आणि तिसरा थर यांतला फरक तो एवढाच.

उत्तराच्या ओळीत शेवटी टीटीएल १२७ असे दिसेल. त्याच खोलीतल्या संगणकाला पिंग केल्यास १२८ दिसते. प्रत्येक राउटर हा आकडा एकाने कमी करतो. वाट चुकलेले पाकीट जन्मभर भटकू नये, आकडा शून्य झाला की ते फेकले जावे, यासाठी ही योजना. एक कमी झाला म्हणजे मध्ये एक राउटर ओलांडला.

इथवर जाळे चालले. आता बिघाडाकडे वळू.

अभ्यासिकेतूनच कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकाला, १९२.१६८.२०.१२ ला पिंग करा. चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पुन्हा करा, तेच. आमच्या वर्गात हा बिघाड आम्ही कोणाला न सांगता ठेवला होता आणि एका मेहनती विद्यार्थिनीने त्यावर दोन संध्याकाळी घालविल्या. तिने आपल्या संगणकाचा पत्ता तपासला, बरोबर होता. तार बदलली. स्विच बदलला. राउटरच्या आज्ञा पुसून पुन्हा दिल्या. कार्यालयातल्या पहिल्या संगणकावरून दुसऱ्याला पिंग केले, तर ते व्यवस्थित चालले. झाले, मग तो संगणक ठीकच आहे, असे तिने ठरविले आणि पुन्हा आपल्याच बाजूला शोधत बसली. तिची शिस्त चांगली होती, शोधण्याची जागा तेवढी चुकली होती.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तिला एवढेच म्हणालो, "ताई, पाकीट कोठवर जाते ते तरी पाहा." तिने सिम्युलेशन चालू केले. पाकीट अभ्यासिकेच्या स्विचवर गेले, राउटरवर गेले, कार्यालयाच्या स्विचवर गेले आणि शेवटी त्या दुसऱ्या संगणकावर पोहोचलेसुद्धा. लाल फुली तेथे उमटली. पाकिटावर टिचकी मारून पाहिले, तर येणारी बाजू पूर्ण भरलेली होती. जाणाऱ्या बाजूला उत्तर तयार झाले होते, पण गेटवे दिलेला नसल्याने ते टाकून दिले, अशी नोंद होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझे त्याला ऐकू येत होते!"

होय. जायला रस्ता होता, यायला नव्हता. त्या संगणकाने उत्तर देताना पुन्हा तोच मास्कचा हिशेब केला. आपण २०च्या खोलीत, समोरचा १०च्या खोलीत, म्हणजे दारातून जायला हवे, आणि दार कोठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. शेजारच्या संगणकाला तो उत्तर देऊ शकत होता, कारण शेजाऱ्याकडे जायला दार लागत नाही. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर हेच. निरोप पोहोचतो आणि उत्तर येत नाही, तर पलीकडच्या संगणकाचा गेटवे आधी पाहावा. परतीची वाट ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी तपासावी लागते. खऱ्या कचेरीत आपण आपल्या टेबलाशी बसतो, पलीकडचा संगणक दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी असतो, आणि म्हणूनच ही चूक दिवस-दिवस सापडत नाही.

आता तो गेटवे भरा, पिंग चालेल. त्यानंतर राउटरच्या शून्य-एक तोंडाला 'शटडाऊन' म्हणा आणि पुन्हा पिंग करा. या वेळी संदेश वेगळा येतो : '१९२.१६८.१०.१ कडून उत्तर : डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. दोन्ही वेळा पिंग चालले नाही, पण दोन्ही संदेशांत फार मोठा फरक आहे. पहिल्यात कोणीच बोलले नाही. दुसऱ्यात राउटर स्वतः म्हणतो आहे की, 'पुढचा रस्ता माझ्याकडे नाही.' म्हणजे राउटरपर्यंतचे सारे ठीक असून चूक राउटरवर किंवा त्याच्या पलीकडे आहे. बोलणारा कोण आहे, त्याचा पत्ता संदेशातच लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. विद्यार्थी 'चालत नाही' एवढेच वाचतात.

मास्कची चूक त्यामानाने अधिक कपटी. एखाद्या संगणकाला २५५.२५५.०.० दिला, तर त्याला १० आणि २० या दोन्ही खोल्या एकच वाटतात. तो दाराकडे न जाता पलीकडच्याला आपल्याच खोलीत हाका मारीत बसतो. राउटर हाक पलीकडे जाऊ देत नाही. पण काही राउटर अशा वेळी दुसऱ्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतात, आणि मग चूक असूनही सारे चालते. राउटर बदलला की एके दिवशी बंद पडते आणि दोष नव्या राउटरवर येतो.

अनुकरण-प्रणालीत न शिकता येणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. पडद्यावरची तार उंदीर कुरतडत नाहीत. तिची टोके दाबताना आठांपैकी एक तार आखूड राहत नाही. तांब्याच्या तारेची १०० मीटरची मर्यादा पडद्यावर बोटभर अंतर ओढताना जाणवत नाही, आणि वीज जात नाही. शिवाय खऱ्या राउटरच्या सर्वच आज्ञा येथे चालतात असे नाही. तेव्हा संधी मिळेल तेथे एखादे टोक स्वतःच्या हाताने दाबून पाहावेच. प्रचलित क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पहिली पाच-सहा टोके वाया जातात, तेवढी जादा आणावीत.

आता एक स्वाध्याय. आपल्या जाळ्यात सभागृह ही तिसरी खोली वाढवा. दुसरा १९४१ राउटर घ्या. त्याचे एक तोंड कार्यालयाच्या स्विचला जोडून त्याला १९२.१६८.२०.२ पत्ता द्या, दुसऱ्या तोंडाला १९२.१६८.३०.१ द्या. त्या तोंडाला एक स्विच आणि एक संगणक जोडा. संगणकाचा पत्ता १९२.१६८.३०.११, गेटवे १९२.१६८.३०.१. दोन्ही तोंडे उघडायला विसरू नका. मग फक्त पहिल्या राउटरवर, फेरबदलाच्या अधिकारात जाऊन, ही आज्ञा द्या : आयपी रूट १९२.१६८.३०.० २५५.२५५.२५५.० १९२.१६८.२०.२. म्हणजे ३०च्या खोलीकडे जायचे तर दुसऱ्या राउटरच्या हाती द्यावे. दुसऱ्या राउटरला काहीच सांगू नका.

कार्यालयातून सभागृहातल्या संगणकाला पिंग केले तर ते चालेल. अभ्यासिकेतून केले तर चालणार नाही. पाकीट कोठवर जाईल आणि लाल फुली कोणत्या उपकरणावर उमटेल, ती जागा आधी कागदावर पेन्सिलीने खूण करून ठेवा, आणि मगच सिम्युलेशन चालू करा.